जीपचं स्टिअरिंग: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत: गाडी थांबते का आणि सरळ जाते का. थांबते. चारही ड्रम उघडून ब्रेक मी आधी बघून घेतले. सरळ मात्र जात नाही, आणि ते का, हे फोनवर नीट सांगता येईना. तुम्ही लगेच ‘स्टिअरिंग बॉक्स बदलून टाक’ म्हणालात आणि आई मागून ‘विकून टाक’ म्हणाली. दोघांनाही कारणांसकट उत्तर द्यायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

गाडी विलीस कंपनीची सीजे-३बी जीप. हे मॉडेल १९५३ साली आलं आणि अमेरिकेत १९६८ पर्यंत बनत राहिलं. आधीच्या जीपपेक्षा हिचं बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम ८० इंच. इतक्या आखूड गाडीत स्टिअरिंगमधली थोडीशी ढिलाईसुद्धा लगेच हाताला कळते.

तक्रारी तीन. स्टिअरिंग चांगलं वीतभर फिरवावं तेव्हा कुठे चाकं हलतात, त्यामुळे सरळ रस्त्यावरही सतत डावं-उजवं करत राहावं लागतं. दुसरी, एक चाक खड्ड्यातून गेलं की पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. तिसरी, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, हाताने आणावं लागतं. एवढं सगळं गाडी आणतानाच कळलं. त्यानंतर मी ती रस्त्यावर काढलेली नाही आणि काढणारही नाही, हे आईला आधी वाचून दाखवा.

तिसऱ्या तक्रारीनेच मला वाट दाखवली. नुसती झीज असती तर सगळंच सैल लागलं असतं. इथे एकाच स्टिअरिंगमध्ये सैलही आहे आणि घट्टही आहे, म्हणजे कोणीतरी ढिलाई झाकायला नको ती जागा आवळून ठेवलेली असणार.

या गाडीत तुमच्या हातापासून चाकापर्यंतचा रस्ता बराच लांब आहे. स्टिअरिंगच्या दांड्याखाली गिअरचा बॉक्स, बॉक्सला पिटमन आर्म नावाचा छोटा हात, त्याला ड्रॅग लिंक हा लांब दांडा. ड्रॅग लिंक मधल्या बेल क्रँकला, म्हणजे पिनेवर फिरणाऱ्या तरफेला, फिरवते, बेल क्रँकपासून टाय रॉड नावाचे दोन दांडे दोन चाकांकडे जातात, आणि चाक ज्यावर बसतं तो नकल वरच्या आणि खालच्या किंगपिनवर, म्हणजे उभ्या खुंट्यांवर, फिरतो. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई असली तरी त्या सगळ्यांची बेरीज स्टिअरिंगवर वीतभर होते. आपल्याला ती हातात जाणवते, म्हणून दोष हाताजवळच्या बॉक्सवर जातो. आधीच्या मालकाकडेही तसंच झालं असणार.

मग गाडी सपाटीवर, चाकं जमिनीवरच ठेवून, इंजिन बंद करून एका मैत्रिणीला स्टिअरिंगवर बसवलं. तिने फक्त हळूहळू डावं-उजवं करायचं. मी खाली झोपून एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेले. डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतं: अलीकडचा भाग हलतो, पलीकडचा थांबून मग हलतो, मध्ये बारीकशी टक जाणवते. टाय रॉडची टोकं बरी निघाली. बेल क्रँक मात्र फिरायच्या आधी आख्खाच वर-खाली डुलत होता. त्याच्या ग्रीसच्या निपलवर रंगाचे इतके थर होते की निपल आहे हेच कळत नव्हतं. रंग खरवडून ग्रीस गन लावली तर ग्रीस आत जाईना. वर्षानुवर्षं तो कोरडाच फिरला आहे, आणि आतली पिन एका बाजूने खाल्ली गेली आहे.

ड्रॅग लिंकच्या टोकाशी जे दिसलं ते पाहून मात्र मी बाहेर येऊन थोडा वेळ नुसती बसले. त्या टोकात एक गोळी असते, तिला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या वाट्या, मागे स्प्रिंग आणि शेवटी आट्यांचं बूच. बूच पक्कं आवळायचं, थोडं मागे घ्यायचं आणि स्प्लिट पिन घालून पिनेची टोकं वाकवायची. पिन नसेल तर बूच हळूहळू उलगडतं, गोळी बाहेर येते आणि स्टिअरिंग चाकांपासून पूर्ण सुटतं. इथे स्प्लिट पिनेच्या जागी एक गंजका खिळा वाकवून घातला होता. आई, तुझी काळजी मी हसण्यावारी का नेत नाही, ते यावरून समज. जुनं लोखंड इथे दगा देत नव्हतं, एका छोट्या पिनेचा आळस देत होता. तो खिळा मी त्याच दिवशी काढून टाकला.

बॉक्सवरचा संशय खरा की खोटा, हे बघायला ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून सोडवली. आता बॉक्सवर चाकांचा काहीच भार नव्हता, तरी स्टिअरिंग मधोमध आलं की अडकायचं आणि जोर लावल्यावर पुढे जायचं. या गाडीचा बॉक्स रॉस पद्धतीचा आहे, आत कॅम आणि लिव्हर. कॅमची घडणच अशी असते की चाकं सरळ असताना बसवणूक घट्ट आणि दोन्ही टोकांना थोडी सैल, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. म्हणून बॉक्सच्या बाजूच्या झाकणावरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू चाकं सरळ ठेवूनच लावायचा असतो. हा कोणीतरी चाकं वळवलेली असताना, ढिलाई जाईपर्यंत आवळला आहे. ढिलाई तर गेली नाहीच, उलट मधोमध अडकायला लागलं. वर बॉक्समध्ये तेलाऐवजी घट्ट ग्रीस भरलेलं. जुन्या सीलमधून तेल गळतं म्हणून तसं करतात, पण लिव्हर फिरला की घट्ट ग्रीस बाजूला सरकतं आणि परत येत नाही, मग धातूवर धातू घासत राहतो. तिथे गिअर ऑइल आणि नवं सील हेच पाहिजे.

थडथडण्याचं कारण वेगळं होतं. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा एक्सल जॅकने उचलून घोडीवर ठेवला, आणि चाक वर-खाली धरून हलवलं. दोन्ही चाकं हलत होती. मैत्रिणीला ब्रेक दाबायला सांगितलं. डाव्या चाकाची ढिलाई तेवढ्याने गेली, म्हणजे ती चाकाच्या बेअरिंगची. ते आवळून झालं. उजव्याची ब्रेक दाबूनही तशीच राहिली, म्हणजे किंगपिनची. ब्रेक दाबल्यावर ड्रम नकलशी जखडला जातो आणि चाकाचं बेअरिंग हिशेबातून बाहेर पडतं, एवढंच त्यामागचं तत्त्व. किंगपिनच्या बेअरिंगवर पातळ शिमा, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, कमी-जास्त करून थोडा ताण ठेवायचा असतो. नकलवरचं सील काढून स्टिअरिंग आर्मच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं, आणि नकल फिरायला ४ ते ६ पौंड, म्हणजे सुमारे १.८ ते २.७ किलो ओढ लागली पाहिजे. उजवीकडे ती नावालाही नव्हती. हा ताण असला तर खड्ड्याचा धक्का तिथेच जिरतो, नसला तर चाक झुलायला लागतं.

सगळेच लोक यावर स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे धक्के शोषणारा दांडा, बसवायला सांगतात. मला ते पटत नाही. डॅम्परने थडथड दबते, सैल किंगपिन तसाच झिजत राहतो आणि तो कळवायची सोयच आपण बंद करतो.

पाट्यांचे यू-बोल्ट घट्ट आहेत. बॉक्स जिथे चॅसीला बसतो तिथला चिखल आणि रंग काढून तडा शोधला, नाही. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, मुळात ३ अंश असायला हवा, तो जवळपास तेवढाच भरला, म्हणजे स्टिअरिंग सरळ न येण्यात त्याचा हात नाही.

बाबा, आता तुमच्या सल्ल्याबद्दल. नवा बॉक्स आणून याच बेल क्रँकला आणि याच किंगपिनला जोडला असता, तर ढिलाई होती तिथेच राहिली असती आणि मग नव्या बॉक्सचाही स्क्रू आवळावासा वाटला असता. म्हणून मी चाकाकडून हाताकडे येते आहे. आधी दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि त्यांची बेअरिंग, मग बेल क्रँकची पिन आणि बुश, मग ड्रॅग लिंकच्या वाट्या, स्प्रिंग आणि खऱ्या स्प्लिट पिना. हे सगळं घट्ट झाल्यावरच बॉक्स उघडायचा, आणि त्याचा स्क्रू चाकं सरळ ठेवून, मधोमध न अडकता जेमतेम ढिलाई जाईल इतकाच लावायचा. अगदी शेवटी टो-इन: पुढच्या टायरमधलं अंतर मागच्या बाजूपेक्षा पुढच्या बाजूला ३/६४ ते ३/३२ इंचाने कमी. सांधे सैल असताना हे माप घेण्यात अर्थ नाही, दर वेळी वेगळं येतं.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, हळू आणि टू-व्हीलमध्ये. फोर-व्हील लावून कडक जमिनीवर वळलं तर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना ओढतात, स्टिअरिंग जड होतं, आणि मी केलेल्या कामाचा अंदाजच येणार नाही. तिथे मनासारखी चालली आणि वळणानंतर हात सैल सोडल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ आलं, तरच रस्ता. तुम्हा दोघांना बसवायची मला खूप इच्छा आहे, पण ती त्यानंतरची गोष्ट.

आई, विकायचं म्हणशील तर मला ही गाडी फार आवडली आहे. हिच्या स्टिअरिंगमधला एकही भाग असा नाही, जो उघडून, हात लावून, मोजून बघता येत नाही. अशा गाडीवर माझा विश्वास बसतो, फक्त तो आधी तपासून घ्यायचा आहे. आणि या स्थितीत ती दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालणं मला जमणारही नाही.

बाबा, तुमच्याकडे माळ्यावर स्प्रिंगचा काटा होता ना, हूकवाला? पाठवाल का? पाठवण्याआधी एखादी माहीत असलेल्या वजनाची वस्तू त्याला लटकवून बघा, बरोबर दाखवतो का. दोन किलोच्या आसपास तो खरा असला की माझं काम झालं. किंगपिनची बेअरिंग यायच्या बेतात आहेत, म्हणून जरा लवकर बघा.

तुमची लेक