आधी घोडा तपासा, मग मूल बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विशेष मुलांसाठीच्या घोडेस्वारी-उपचाराबद्दल लेख आला होता. तो छापून आल्यावर चार दिवसांत मला सहा-सात फोन आले. माझी आठ वर्षांची नात गेली दोन वर्षे घोड्यावर बसते, आणि मी स्वतः ३४ वर्षे सरकारी खात्यात गुरांचा डॉक्टर होतो, हे आमच्या नात्यात आणि सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, "फरक पडतो का हो?" घोडा कसा असावा, हे कोणीच विचारले नाही. लेखातही घोड्याबद्दल एक ओळ नव्हती. फोटोत तो होता, पण कान मागे पाडून उभा होता. ज्याने हयात जनावरांत काढली त्याला असा घोडा पाहिला की दोन पावले मागे सरकावेसे वाटते. त्या फोटोतल्या घोड्यावर पाचेक वर्षांचे मूल बसले होते.

म्हणून हे पत्र.

नात सातव्या महिन्यात जन्मली. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. उभे केले की दोन्ही पायांची कात्री व्हायची, टाचा टेकायच्या नाहीत. बसवले की पाठीचा कणा पोत्यासारखा खाली यायचा. बुद्धीने तल्लख आहे, जीभ थोडी जड. तिच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी घोड्याचा विषय काढला तेव्हा घरात सर्वांत मोठा विरोध माझा होता. लाथ बसलेली माणसे, चावा घेतलेले खांदे मी पुष्कळ पाहिलेत. एकदा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ड्यूटीवर असताना मीही बरगडीवर एक लाथ खाल्ली आहे. ज्या पोरीला खुर्चीत धरून बसवावे लागते तिला घोड्यावर? बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही घोड्याची चाल बघा, मी तिची कंबर बघते."

मग मी चाल बघितली. नोकरीत हजार वेळा बघितली होती, पण लंगडेपणा शोधायला. चालणारा घोडा पाठीवरच्या माणसाला पुढे-मागे हलवतो, वर-खाली हलवतो, डावी-उजवीकडे झुलवतो आणि वर थोडा पीळही देतो. माणूस चालतो तेव्हा त्याची कंबर जवळजवळ अशीच हलते. जे मूल कधी आपल्या पायांनी नीट चाललेले नाही, त्याच्या कमरेला चालणे म्हणजे काय याची ओळख अशी दुसऱ्याच्या पायांवर होते. मिनिटाला शंभराच्या आसपास हेलकावे धरले तर वीस मिनिटांत दोन हजार झाले. तितक्या वेळा तोल जरासा जातो आणि पाठी-पोटाचे स्नायू तो सावरतात. चेंडूवर बसवून हे काम करायचे तर थेरपिस्टचे हात गळून पडतील, आणि मूल कंटाळेल ते निराळेच.

दुसरी गोष्ट उबेची. निरोगी घोड्याचे अंग ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते, म्हणजे आपल्यापेक्षा अंशभर गरम. खोगीर न घालता नुसती गादी टाकून बसवले की ती ऊब मांड्यांच्या आतल्या आखडलेल्या स्नायूंना लागते. यात दुडकी नाही, रपेट तर नाहीच नाही. सावकाश चालणे, वळणे, थांबणे आणि पुन्हा निघणे. लगाम मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या हातात, मुलाच्या दोन्ही बाजूंना दोन माणसे, आणि नजर थेरपिस्टची. याला हिप्पोथेरपी म्हणतात. (एका गृहस्थांनी फोनवर पाणघोड्याची चौकशी केली, पण ते अगदीच चुकले नव्हते. ग्रीक भाषेत 'हिप्पो' म्हणजे घोडा आणि हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा. आपला पाणघोडा तोच.) मूल स्वतः लगाम धरून स्वारी शिकते तो प्रकार वेगळा. तोही चांगला, पण तो खेळ झाला. लेखात दोन्हींची खिचडी झाली होती.

घोड्यावरच्या या विश्वासाच्या मुळाशी डेन्मार्कची एक बाई आहे. लिस हार्टेल हिला १९४४ मध्ये पोलिओ झाला, तोही गरोदरपणी. गुडघ्याखाली पाय गेले ते गेलेच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज हा घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा प्रकार स्त्रियांना पहिल्यांदाच खुला झाला आणि तिने 'जुबिली' नावाच्या घोडीवर रौप्यपदक घेतले. घोडीवर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. १९५६ मध्ये पुन्हा रौप्य. ते ऑलिंपिक मेलबर्नचे, पण ऑस्ट्रेलियाच्या जनावरांच्या क्वारंटाइनचे नियम इतके कडक की घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. आम्हा पशुवैद्यांच्या हातून ऑलिंपिक हलल्याचे हे उदाहरण मी संधी मिळेल तिथे सांगतो. हार्टेलला पाहून युरोपात ठिकठिकाणी अपंगांसाठी घोडेस्वारी सुरू झाली, आणि १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये त्यासाठी देशव्यापी संस्था उभी राहिली. तरीही हे विसरू नये की हार्टेलचे पाय घोडीने परत दिले नाहीत.

मग फरक पडतो का? अमेरिकेत २००३ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या १५ मुलांवर एक छोटा प्रयोग झाला. काहींना ८ मिनिटे चालत्या घोड्यावर बसवले, काहींना तेवढाच वेळ एका जागी ठेवलेल्या पिंपावर. घोड्यावर बसलेल्यांचे स्नायू दोन्ही बाजूंना अधिक सारखे काम करू लागले, पिंपावाल्यांचे नाही. ऑटिझमबद्दल २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून मोठा, १२७ मुलांचा, दहा आठवड्यांचा. त्यात निम्म्या मुलांना खरा घोडा मिळाला आणि निम्म्यांना तबेल्यातच, पण खऱ्या आकाराचा खोटा घोडा. खऱ्या घोड्याच्या गटात चिडचिड आणि अतिचंचलपणा कमी झाला, बोलणे वाढले. हे मी मानतो. पण बहुतेक प्रयोग लहान आहेत. मुलाचा बसण्याचा तोल सुधारतो इतपत बळ त्यांत आहे, मूल चालू लागेल असे म्हणण्याइतके नाही. ऑटिझम "बरा" करण्याच्या जाहिराती करणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवावे.

आमच्या घरचा हिशेब सांगतो. दोन वर्षांपूर्वी नातीला मांडी घालून बसता येत नव्हते. यंदा गौरीच्या जेवणाला ती पाटावर मांडी घालून पंगतीत बसली. भिंतीला टेकून, पण बसली, आणि पुरणपोळी संपेपर्यंत बसली. आता यात घोडीचा वाटा किती, रोज पहाटे तिचे पाय ताणणाऱ्या माझ्या सुनेचा किती आणि आखडलेले स्नायू सैल करायला मध्यंतरी घेतलेल्या बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका जनावरावरून औषधाचा गुण ठरवू नये असे आम्हाला शिकवले होते, आणि नात झाली म्हणून नियम बदलत नाही.

आता मूळ मुद्दा, घोडा. या उपचारात औषध तोच आहे. बाटलीवरची तारीख न बघता आपण मुलाला सर्दीचे औषध देत नाही, आणि घोडा मात्र जो समोर येईल तो चालतो! जो घोडा एका पायाने किंचितही दुखावलेला असतो त्याचा हेलकावा एका बाजूला जास्त पडतो. मुलाची पाठ आधीच एकीकडे कलणारी, त्यात तो वाकडा हेलकावा दोन हजार वेळा. हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. मोतद्दाराला सांगा, घोडा कडक जमिनीवर दुडकीने आणून दाखव. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, चांगल्या पायावर खाली घालतो. मान अशी हलताना दिसली की मुलाला घेऊन घरी जा. गादी उचलून पाठीला हात लावा; जखम असेल, सूज असेल किंवा हात लावताच घोडा अंग चोरत असेल तर तोही नको. कान, शेपूट, डोळे बघा. घोडी असेल तर माजावर आहे का ते विचारा, लाजू नका. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत असतात, तेव्हा मुलाची लस झालेली हवी. आणि ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद मागा. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो. त्याच्यासाठी इंग्रजांनी १८९९ मध्ये वेगळा कायदा केला होता आणि बाधित जनावराला आजही मारावेच लागते.

मुलाचीही तपासणी हवीच. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा निसटू पाहतो, म्हणून आधी खुब्याचा एक्स-रे. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या मणक्यांचा. फिट्स आटोक्यात नसतील तर घोडा नकोच. आम्ही पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेलो तिथे यातले काहीही विचारले नाही. २४ वेळांचे पैसे आगाऊ मागितले आणि क्रिकेटचे हेल्मेट पुढे केले. घोडा शर्यतीतून काढलेला होता. शर्यतीच्या घोड्याची निंदा करत नाही, पण लहानपणापासून ज्याला फक्त पळायला शिकवले तो वर्षभर धीराने शिकवल्याशिवाय अशा मुलांखाली उभा राहत नाही. पत्र्यावर माकड उडी मारते आणि हा बुजतो.

नातीची घोडी पंधरा वर्षांची आहे, पोक्त, जराशी आळशी. बाजूने मोटारसायकल फटफटत गेली तरी फक्त एक कान फिरवते. असे स्वभाव आपल्याकडे मुबलक आहेत, आपण बघत नाही एवढेच. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघालेले धनगरांचे वाडे आठवा. तट्टाच्या पाठीवर घोंगड्या, भांडी, कोंबड्या, कोकरू, आणि त्या सगळ्या संसारावर बसलेले दोन वर्षांचे पोर. तट्टू मान खाली घालून रस्त्याच्या कडेने चाललेले असते. हे भीमथडी तट्टू. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. अंगाने ठेंगणे, त्यामुळे बाजूने चालणाऱ्याचा हात मुलाच्या कमरेला सहज पोचतो. पाठ फार रुंद नाही, त्यामुळे आखडलेल्या मांड्या जास्त ताणल्या जात नाहीत. पशुसंवर्धन खात्यातल्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना सुचवावेसे वाटते की जात टिकवण्याच्या योजना आखताना याचाही विचार व्हावा. धनगराच्या तट्टाला आणि धनगराच्या पोरालाही यात काम आहे. घोडा हातात धरून शांत चालवणे ही विद्या त्यांच्या घरात आहे.

खर्चाचे म्हणाल तर महिन्याला जो लागतो तो माझ्या पेन्शनीतून जातो, आणि ज्यांना पेन्शन नाही त्यांचे काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण शहरातल्या घोडेस्वारीच्या क्लबांना एक विनंती करता येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले तिसावे कलम खेळाच्या सोयींबद्दल आहे. ते वाचावे आणि निदान एक उतार बांधावा. घोड्याच्या पाठीच्या उंचीएवढा ओटा, त्यावर चाकाची खुर्ची जाईल एवढी उतरण, बाजूला कठडा. आठवड्यातला एक सकाळचा तास मागाहून मागू. सध्या नातीला मी आणि मोतद्दार मिळून उचलून वर देतो. ती १९ किलोची आहे आणि मी ७१ वर्षांचा, त्यामुळे हे फार दिवस चालणार नाही.

माझा पत्ता आणि फोन आपल्या कचेरीत देऊन ठेवला आहे. पुणे परिसरात कोणाला आपल्या मुलासाठी घोडा बघायचा असेल तर मी बरोबर येईन. फी नाही, चहा चालेल, बिनसाखरेचा. फक्त पाऊस थांबेपर्यंत बोलवू नये. मैदानात चिखल आहे आणि आमचीही घोडी दसऱ्यापर्यंत सुटीवर आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, पुणे