बेबी शॉवरची सजावट छापता, तर मापंही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या पुरवणीत घरच्या घरी बेबी शॉवरची सजावट आणि रिटर्न गिफ्ट कशी करायची यावर एक अख्खं पान आलं होतं. फोटो फारच सुंदर होते, मी ते पान कापून फ्रीजवर लावलं कारण माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागत होता आणि मी घरात सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते की यावेळी विकतचं काही आणायचं नाही, सगळं हाताने करायचं. पण पान समोर ठेवून कात्री हातात घेतली तेव्हा कळलं की त्यात एकही माप नाही. कागद केवढा घ्यायचा, घडी किती रुंद, एका वस्तूला वेळ किती लागतो, किती दिवस आधी सुरुवात करायची आणि कार्यक्रम झाल्यावर या सगळ्याचं करायचं काय, काहीच नाही. ‘टिश्यू पेपरचे पॉम-पॉम करून टांगा’ एवढं एक वाक्य आणि खाली फोटो. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा मोठं होईल पण छापाल अशी आशा आहे.

आधी थीमचं सांगते. आम्ही चांदोबा आणि चांदण्या अशी थीम घेतली, रंग फक्त तीन, गडद निळा, पांढरा आणि फिकट पिवळा. घरी करणाऱ्याने थीम निवडताना हेच बघावं असं मला मनापासून वाटतं, की तो आकार घरातल्या सहा वर्षांच्या मुलालाही कापता आला पाहिजे. कार्टूनमधलं पात्र घेतलं की प्रत्येक तुकडा हुबेहूब जमावा लागतो, तेच चांदणीचा एक कोपरा लहान झाला तरी ती चांदणीच दिसते. शिवाय मुलगा की मुलगी हा प्रश्नच येत नाही आणि नंतर बाळाच्या खोलीत तेच रंग चालून जातात.

आता ते पॉम-पॉम. टिश्यू पेपरचे मोठे ताव मिळतात ना, साधारण ५० बाय ७५ सेंटीमीटरचे, तसे आठ ताव एकावर एक नीट ठेवायचे (दहा घेतले तर गोळा भरगच्च होतो पण उलगडताना जास्त फाटतो, आठ पुरतात), मग आखूड बाजूकडून पंख्यासारख्या पुढे-मागे घड्या घालत जायचं, घडीची रुंदी चार सेंटीमीटर. बरोब्बर मध्यावर बारीक तार किंवा दोरा बांधायचा, फार आवळायचा नाही. दोन्ही टोकं कात्रीने गोल कापली तर फूल मऊ दिसतं आणि टोकदार कापली तर तारा दिसतो, आम्हाला तारा हवा होता. मग एकेक पापुद्रा मधल्या गाठीकडे ओढत सोडवायचा, आधी चार वर, मग चार खाली, आणि दुसऱ्या बाजूला तसंच. इथे घाई केली की कागद गाठीपाशी फाटतो, माझे पहिले दोन असेच गेले. म्हणून पहिली घडी जुन्या वर्तमानपत्रावर घालून बघा, हात बसतो. एका पॉम-पॉमला मला सुरुवातीला पाऊण तास लागला, नंतर वीस मिनिटं. आम्ही बारा केले, तीन संध्याकाळी गेल्या. आणि महत्त्वाचं म्हणजे ते उलगडायचे कार्यक्रमाच्या दिवशीच, तोपर्यंत घडी घातलेले, बांधलेले, कापलेले असे सपाट मोठ्या पाकिटात ठेवायचे, बाराच्या बारा एका पिशवीत मावतात. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी आठ दिवस घरभर गोळे सांभाळत बसले नसते.

चांदण्यांची माळ मात्र मला सगळ्यात जास्त आवडली आणि ती कुठल्याच फोटोत नव्हती. कार्डशीटच्या आठ आणि पाच सेंटीमीटरच्या चांदण्या कापल्या आणि चक्क शिलाई मशीनवर एकामागून एक शिवत गेले. सरळ टीप, टाका मोठा ठेवायचा, चार मिलिमीटरचा, बारीक टाक्याने कागदाला भोकांची रांग पडते आणि चांदणी मधोमध फाटते. एक चांदणी सुईखालून बाहेर आली की दोन बोटं जागा रिकामी सोडून दुसरी सरकवायची, मधे नुसता दोऱ्याचा पीळ राहतो. सुई जुनी लावा, कागदावर ती बोथट होते आणि नंतर कापडाला चालत नाही. अशी पाच मीटर माळ अर्ध्या तासात झाली, गोंद नाही, गाठ नाही, आणि वाऱ्याने चांदण्या स्वतःभोवती फिरतात तेव्हा फार गोड दिसतं.

ती लावताना मात्र चूक झाली. आदल्या रात्री सगळं भिंतीला चिकटपट्टीने लावून झोपलो, सकाळी अर्धं जमिनीवर आणि जिथे चिकटून राहिलं होतं तिथे काढताना भिंतीचा रंग सोलून आला. नंतर डोकं चाललं, एका खिडकीच्या गजापासून समोरच्या पडद्याच्या दांडीपर्यंत जाड दोरी ताणली आणि सगळं त्या दोरीला लटकवलं. भिंतीला एक टाचणी नाही, आणि उतरवायला पाच मिनिटं. भिंतीलाच लावायचं असेल तर निदान रंगकामाची कागदी मास्किंग टेप वापरा, तीसुद्धा आधी कोपऱ्यात लावून बघून.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. कार्यक्रम चालतो तीन तास आणि त्यासाठी आपण महिनाभर खपतो, मग दुसऱ्या दिवशी तीन पोती कचरा बाहेर टाकायचा हे माझ्या मनाला पटत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक गोष्ट करायच्या आधी विचारलं की ही नंतर कुठे जाणार? भेटवस्तूंच्या टेबलावर टांगायला फेल्ट कापडाच्या सात चांदण्या केल्या, दोन तुकड्यांमध्ये कापूस भरून कडेने काजाचा टाका, आणि भरतकामाच्या लाकडी रिंगला त्या बांधल्या. त्या दिवशी ती सजावट होती, आज तेच बाळाच्या पाळण्यावर टांगायचं चिमणाळं आहे. टेबलांवर नंबराऐवजी जी कार्डं ठेवली ती मुद्दाम काळी-पांढरी केली, पट्टे, ठिपके, मोठी चंद्रकोर, कारण नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरचंच जरा स्पष्ट दिसतं आणि ठळक काळं-पांढरं त्याच्या लवकर नजरेत भरतं. भाची तीन आठवड्यांची होती तेव्हा ती चंद्रकोर तिच्यासमोर धरली तर एकटक बघत राहिली, मी आणि बहीण दोघी तिथेच रडलो. कापडी पताकांची नंतर उशी शिवली. पॉम-पॉम तेवढे टिकले नाहीत, टिश्यू पेपर धूळ धरतो, ते टाकावे लागले हे कबूल करते.

चिमणाळ्याबद्दल एक सांगायलाच हवं, ते बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं उंच हवं आणि बाळ हातांवर, गुडघ्यांवर अंग उचलायला लागलं की, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यात, काढून टाकायचं. चांदण्यांची माळ तर पाळण्यावर नकोच, दोरा गळ्यात अडकू शकतो, ती लांबच्या भिंतीवर.

आणि फुगे. पानभर फुगेच फुगे होते. कार्यक्रमाला लहान मुलं येणार हे धरूनच चालायचं असतं आणि फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा मुलाच्या घशात बसला तर तो निघता निघत नाही, अमेरिकेत तर आठ वर्षांखालच्या मुलांना यामुळे गुदमरण्याचा धोका आहे अशी सूचना फुग्यांच्या पाकिटावर छापावीच लागते. आम्ही एकही फुगा लावला नाही आणि कोणाला काही कमी वाटलं नाही. मणी, बटणं, चिकटवायचे हलते डोळे यांचंही तेच. टॉयलेट रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायचं नाही ही सोपी खूण लक्षात ठेवा. चमकी म्हणजे ग्लिटर मी मुळातच आणली नाही, ती प्लास्टिकच असते आणि फरशीच्या सांध्यातून महिनोन्‌महिने निघत राहते, युरोपियन युनियनने तर सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासूनच बंदी घातली आहे. चमक हवीच असेल तर सोनेरी कागद वापरा की.

जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिचाही विचार त्या पानात कुठे नव्हता. बहिणीला सगळ्यात हात घालायचा होता, आणि का नसावा, तिच्या बाळाचं कौतुक आहे. मग तिला पाठीला उशी, पायाखाली स्टूल आणि समोर टॅगचा गठ्ठा दिला, अक्षर तिचं सुंदर, चाळीस टॅग तिने दोन दिवसांत बसून लिहिले. स्टुलावर चढणं, स्प्रे पेंट, तीव्र वासाचा गोंद हे तिच्या वाट्याला नाही, स्प्रे आम्ही बाहेर उघड्यावर मारला आणि वास पूर्ण गेल्यावरच वस्तू घरात आणल्या. सुगंधी मेणबत्त्या आधी ठरवल्या होत्या पण एक पेटवून बघितली तर तिला मळमळायला लागलं, लगेच रद्द केल्या.

आता रिटर्न गिफ्ट. पहिल्यांदा मी चांदणीच्या साच्यात ग्लिसरीनचे साबण केले, तयार बेस भांड्यात भांडं ठेवून वितळवायचा, उकळू द्यायचा नाही, साच्यात ओतून वर स्पिरिटचा फवारा मारला की बुडबुडे जातात. चाळीस साबण, एकाहून एक सुरेख. ते मी ताटात उघडे मांडून ठेवले आणि वर निळ्या शाईचे टॅग बांधले, तिसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक साबणाला घाम फुटलेला आणि टॅगची शाई साबणावर उतरलेली. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून साच्यातून काढल्यावर त्याच दिवशी पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचं आणि टॅग बाहेरून लावायचा. बहिणीने इतकं मन लावून लिहिलेले टॅग वाया गेले याचं मला फार वाईट वाटलं. एका ओळीची सूचना छापलेली असती तर ते वाचले असते हो.

साबण मग गुंडाळून घरात वापरले आणि पाहुण्यांना सूर्यफुलाच्या बिया दिल्या. १५ सेंटीमीटरच्या चौकोनी कागदाचं घडीचं पाकीट, गोंदाशिवाय बंद होतं, आत सहा बिया आणि पाठीमागे बहिणीच्या अक्षरात, ‘दोन सेंटीमीटर खोल पेरा, भरपूर ऊन द्या, अडीच-तीन महिन्यांत फूल येईल.’ सूर्यफूल चांदण्यांच्या थीममध्ये बसत नाही असं एक मावशी म्हणाल्या, पण पाकिटावर चांदणी होती आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. शॉवर सहसा बाळंतपणाच्या महिना-दोन महिने आधी असतो, म्हणजे बाळ आलं की त्यानंतर महिना-दोन महिन्यांच्या आत पाहुण्यांच्या कुंडीत फूल येतं. भाची घरी आल्यावर चार घरांतून फुलांचे फोटो आले, एकीने तर फुलाशेजारी ते रिकामं पाकीट जपून ठेवलेलं दाखवलं.

मधमाशीची थीम करून मधाच्या छोट्या बाटल्या देतात तेही छान दिसतं, फक्त बाटलीवर ‘एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये’ असं ठळक लिहा, त्यातून लहान बाळांना बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो आणि ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे अशाच बायका या कार्यक्रमाला जास्त येतात.

तर संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे की यापुढे असं पान काढाल तेव्हा फोटो दोन कमी करा आणि त्या जागेत कागदाचं माप, घडीची रुंदी, लागणारा वेळ आणि किती दिवस आधी काय करून ठेवता येतं ते द्या. आणि जमलं तर पानाच्या एका कोपऱ्यात चांदणी आणि चंद्रकोर खऱ्या मापात, आठ सेंटीमीटरची, नुसत्या रेघेत छापा, म्हणजे वाचकांना ती कापून पुठ्ठ्यावर चिकटवून साचा करता येईल. माझ्याकडचा साचा चार जणींकडे फिरून आलाय, कडा पार झिजल्यात. हवा असेल तर मी नवीन काढून पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक