राखणदाराची नोकरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण सयाजी शिंदे यांच्यावर पानभर लेख छापलात. लेख वाचला, आवडलाही. पण साडेतीन रकाने ‘शूल’मधला बच्चू यादव, तेलुगू-तमिळ सिनेमे आणि पक्षप्रवेश यांना, आणि झाडांना उरलासुरला अर्धा रकाना. त्यातही फोटो रोप लावतानाचा. मी बीड तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. सयाजींनी ‘सह्याद्री देवराई’ म्हणून झाडं लावली तो पालवणचा माळ माझ्या घरापासून सायकलवर पाऊण तास. म्हणून राहवलं नाही.

लेखात एक गोष्ट ओझरती येऊन गेली. साताऱ्यात पाटबंधारे खात्यात सयाजी रात्रीचे वॉचमन होते, पगार महिना १६५ रुपये. आपल्या लेखकाने ती ‘बघा, माणूस कुठून कुठे पोचला’ अशा थाटात सांगितली. मला ती गोष्ट वेगळीच दिसते. वेळे-कामथीच्या शेतकऱ्याचं हे पोर राखण करता करता नाटकं करत राहिलं, ‘झुलवा’त गाजलं. १९९९ ला ‘शूल’ आला, पुढच्याच वर्षी तमिळमध्ये ते सुब्रमण्य भारती झाले. (साताऱ्याच्या माणसाने तमिळ लोकांसमोर त्यांचाच महाकवी उभा करायचा, यावर खरं तर एक वेगळं पान द्या.) आणि एवढी मुलुखगिरी करून गडी परत राखणीलाच आला. फरक एवढाच की आता १६५ रुपयेसुद्धा नाहीत.

राखण हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. रोप लावायला अक्कल लागत नाही, हे मला माझ्याच फजितीने शिकवलं. २०१८ साली राज्यात १३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं आणि शाळेचा चार्ज माझ्याकडे होता. मैदानाच्या कडेने ११० खड्डे घेतले. मुरूम असा की पहारीचं टोक वाकलं. रोपं लावली, पोरांच्या हातात फलक दिले, फोटो काढले, आकडा भरला. ते वर्ष दुष्काळाचं. दिवाळीच्या सुट्टीत वस्तीवरच्या शेळ्या येऊन गेल्या, मार्चमध्ये बोअर गेला, मे महिन्यात मी मोजणी केली तेव्हा जिवंत झाडं ९. पुढच्या वर्षी लक्ष्य ३३ कोटींवर गेलं. खड्डे मात्र तेच होते. वरची माती उकरली, नवीन रोपं ठेवली, पुन्हा फोटो. चार्ज माझा होता, सही माझी होती, तेव्हा दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये पालवणला वृक्षसंमेलन भरलं, तेव्हा मी सातवीची २२ पोरं घेऊन गेलो होतो. सयाजी आणि लेखक अरविंद जगताप यांचा तो घाट. संमेलनाचा अध्यक्ष वडाचं झाड. आमच्यातला एकजण म्हणाला, ‘सर, अध्यक्ष बोलत न्हाईत, लवकर सुटंल.’ मीही मनातून हसत होतो. म्हटलं, सिनेमावाला माणूस, चार दिवस येईल, टोपी घालून फिरेल, जाईल.

त्यानंतर एका उन्हाळ्यात एकटाच सायकल काढून गेलो. कार्यक्रम नव्हता, मंडप नव्हता, कॅमेरा नव्हता. वाळलेल्या गवतात रोपं तेवढी हिरवी. बुडाशी ओल होती, म्हणजे कुणीतरी पाणी घालून गेलं होतं. मी बोट खुपसून पाहिलं. शिक्षकाची खोड, वही तपासल्याशिवाय विश्वास बसत नाही. पुढे एका वर्षी त्या देवराईत आग लागली. वणव्यानंतरचा काळा माळ बघवत नव्हता. मला वाटलं, आता हा कारभार आटोपला. आटोपला नाही. माझं मत बदललं ते तेव्हा, संमेलनात नाही.

देवराई हे नावही सयाजींनी विचार करूनच घेतलं असणार. कोकणात आणि घाटावर शेकडो वर्षं देवरायांची राखण कुणी केली? देवाच्या धाकाने. फांदी तोडली तर देव कोपेल, एवढं पुरे असायचं. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या रायांचा अभ्यास करून हे सगळं नोंदवलं. पालवणच्या माळावर तसा धाक कुठून आणणार? तिथे आज धाक आहे तो एका ओळखीच्या चेहऱ्याचा. ‘सयाजी शिंदेंची झाडं’ म्हटलं की कुऱ्हाडवाला थबकतो. हा माणूस आईची बियांनी तुला करून त्या बिया पेरायला निघतो, हे लोकांना माहीत आहे. पण चेहऱ्याला वय असतं. जन्म १९५९ चा. वडाचं तर बालपणच अजून सरायचंय.

सगळं गोड आहे असंही नाही. माळ म्हणजे रिकामी जागा, हा समज मला पटत नाही. गवत हेही पीक आहे, त्यावर शेळ्या-मेंढ्या जगतात, आणि कुठल्याही माळाला कुंपण पडलं की धनगराला दोन कोस वळसा पडतो. त्याला विचारून झाड लावलं तर तोच पहिला राखणदार होतो, नाही विचारलं तर माझ्या शाळेचं झालं तेच होणार. ऑक्टोबर २०२४ ला सयाजी अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले, तेव्हा आमच्या पारावर सरळ दोन तट पडले. मी नाराजांच्यात होतो. मात्र नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायचा विषय निघाला, तेव्हा सत्तेतल्या पक्षात असूनही ते झाडांच्या बाजूने बोलले. पारावर त्या दिवशी मी चहा पाजला.

आता आपल्याला विनंती. जूनमध्ये रोपांचे फोटो सगळेच छापतात, आपणही छापाल. आपला वार्ताहर मे महिन्यात पाठवा. तीन वर्षं ओळीने, त्याच माळावर, त्याच झाडांपाशी. झाडं मोजा आणि जो आकडा येईल तो छापा, नऊ आला तरी. पाणी कोण घालतं, पावसाळा सरल्यावर वणवा अडवायला गवत काढून जाळरेषा कोण काढतं, त्याला त्याची मजुरी वेळेवर मिळते का, हे विचारा. सयाजी भेटले नाहीत तरी चालेल.

वार्ताहराला सांगा, सकाळी साडेसहाच्या आत पोच, नंतर माळ तापतो. बूट घालून ये, कुसळं फार आहेत. सायकल माझी आहे, लागली तर देईन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, ता. बीड