टिळकवाडीच्या फ्लॅटबद्दल थोडं, आणि एक कबुली

बेळगाव, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पुण्याला फोन करून फ्लॅटचा विषय काढला की बाबा "बघू, बघू" म्हणतात, आणि तेवढ्यात आई फोन ओढून घेऊन पोरांच्या खोकल्याचं विचारते. म्हणून कागद घेतला.

आज रविवार, नेहमीप्रमाणे फ्लॅट उघडायला गेले होते. सगळे नळ पाच-पाच मिनिटं सोडले, खिडक्या उघडल्या. तुळशीचं लग्नही यंदा त्या रिकाम्या घरातच लावलं. मी आणि शेजारच्या काकू, दोघीच. ऊस आणि चिंचा-आवळे दुसऱ्या रेल्वे गेटजवळ मिळाले, भटजी मिळाले नाहीत. मंगलाष्टकं काकूंनीच म्हटली. दोन कडवी चुकली, पण अंतरपाट वेळेवर काढला.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी गणपतीनंतर फ्लॅट विकायला काढला, त्याला चौदा महिने झाले. अकरा गिऱ्हाइकं आली. बाबा, तुमच्या मनात अजून ४८ लाख आहेत, कारण २०२२ साली वरच्या मजल्याचा तेवढ्याला गेला. त्या फ्लॅटला गच्ची होती आणि घेणाऱ्याला घाई होती, हे तुम्ही सोयीस्कर विसरता. आजवर मला खरोखर तोंडावर मिळालेला आकडा ३६ लाख. त्याच्यावर कोणी गेलं नाही.

ते ३६ वाले म्हणजे उद्यमबागेत कामाला असलेलं तरुण जोडपं. घर त्यांना मनापासून आवडलं होतं. आईच्या स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यावर हात फिरवून ती मुलगी म्हणाली, "हा काढायचा नाही." पण बँकेच्या वकिलाने बिल्डिंगचं कंप्लीशन सर्टिफिकेट मागितलं. बिल्डरने ते कधी काढलंच नव्हतं. १९९८ मध्ये आपण विचारलं नाही, तेव्हा कोणीच विचारत नव्हतं. ई-खात्यासाठी, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन उताऱ्यासाठी, मी चार खेपा घातल्या, तो झाला एकदाचा. दुसऱ्या बँकेने कर्जाला मान डोलावली, ऑगस्टमध्ये जवळजवळ ठरलं. आणि ३१ ऑगस्टपासून सरकारने रजिस्ट्रेशन फी एक टक्क्यावरून दोन टक्के केली. स्टँपड्युटी आणि सेस धरून आता साडेसात टक्क्यांच्या वर जातं. ३६ लाखांवर नुसत्या फीचे ३६ हजार वाढले. पाठोपाठ पितृपक्ष लागला. "दसऱ्याला टोकन देतो" म्हणाले होते. दसऱ्याला मी फोन केला, उचलला नाही.

त्यांनाही दोष देववत नाही. उद्यमबागेत फाउंड्रीतलं काम गाड्यांच्या ऑर्डरवर चालतं. आमच्याकडे ह्यांचा ओव्हरटाइम मार्चपासून बंद आहे, तिसरी पाळी आठवड्यातून दोनदा लागली तर लागली. पगार येतो, पण हप्ता बसवण्याइतका विश्वास कोणाला वाटत नाही. व्याजदर यंदा उतरले आहेत खरे, रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रेपो साडेसहावरून साडेपाचवर आणला. पण व्याज स्वस्त झालं म्हणून कोणी घर घेत नाही, नोकरी पक्की वाटली तर घेतं.

शिवाय आपल्या माणसाला बेळगावात अजून पायाखाली जागाच लागते. त्याच पैशात येळ्ळूर रोडला किंवा पिरनवाडीच्या पुढे एनए प्लॉट मिळत असेल तर दुसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला, सत्तावीस वर्षांचा फ्लॅट कोण घेईल? चंदगडचे एक निवृत्त गुरुजी आले होते. बायको पहिल्याच मजल्यावर पायरीवर बसली आणि म्हणाली, तुम्ही बघून या. चोर्ला घाटातून गोव्याचे एकजण आले, त्यांनी घर पाहिलंच नाही. भाडं किती येईल तेवढं विचारलं, घाटातल्या रस्त्याला शिव्या घातल्या आणि चहा पिऊन गेले.

खालचे गाळे तुम्ही बघितले असते तर तुम्हाला माझा आकडा लगेच पटला असता. पाचांतले तीन बंद आहेत. स्टेशनरीवाल्या अण्णांनी दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन करून मग शटर ओढलं, ते कायमचंच. गेल्याच वर्षी पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा कायदा झाला म्हणून त्यांनी नवा बोर्ड करून घेतला होता. त्याचे पैसे अजून वसूल व्हायचे होते, बोर्ड तेवढा वर कोरा करकरीत आहे. झेरॉक्सवाला पोरगा हिंडलग्याला गेला. मेडिकल चालतं. रक्त तपासायची लॅब चालते, सकाळी सातला तिथे रांग असते. आणि संध्याकाळी मोमोचा गाडा. अक्षरशः आजारी पडायला आणि मोमो खायलाच लोक आपल्या कोपऱ्यावर येतात.

रस्ता पाण्याच्या पाइपसाठी दोनदा उकरला, ते एक कारण. दुसरं म्हणजे रेल्वे गेट. लाईन डबल झाल्यापासून दुसरं गेट पडलं की पलीकडचा माणूस स्कूटर वळवून निघूनच जातो, एका वहीसाठी कोण थांबतो? सिटी बसचंही तेच. आपल्या स्टॉपवर दुपारी पाऊण-पाऊण तास गाडी नसते. बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना जून २०२३ ला सुरू झाली तेव्हा मला वाटलं होतं की बायका फुकटात इकडेतिकडे हिंडतील, दुकानांना बरकत येईल. आली, पण ती गणपत गल्लीला. खेड्यातल्या बायका थेट बाजारात उतरतात, गच्च भरलेली बस टिळकवाडीत थांबतच नाही. जानेवारीत तिकीट पंधरा टक्क्यांनी वाढलं ते पुरुषांना, त्यामुळे ह्यांची कुरकुर रोजची. आणि आई, आधारवरचा पत्ता पुण्याचा करू नकोस गं, दादा कितीही म्हणू दे. इथला पत्ता असला तरच शून्याचं तिकीट मिळतं.

बाजारातही फार हसू नाही. सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या घरात, त्यामुळे लग्नघरं साडीतच हात आखडतात. फेब्रुवारीत भाषेवरून भांडण पेटलं आणि दोन राज्यांतल्या एसटी काही दिवस बंद राहिल्या, तेव्हा पांगुळ गल्लीत आपल्या नेहमीच्या दुकानात गेले होते. मालक गादीवर एकटेच. "चंदगड, सावंतवाडी, गोवा, सगळं गिऱ्हाईक तिकडचं," म्हणाले, "ते आलं नाही तर मी काय एकमेकांना साड्या विकू?" शब्दांची जुळणी चुकली होती, पण मला हसता आलं नाही. घराचं कळल्यावर त्यांनीच विचारलं, "विकूलालीस काय गं? थांब की जरा."

तर मी थांबले आहे, बाबा. आता कबुली.

फ्लॅट मी भाड्याने दिला. तुम्हाला न विचारता. १ डिसेंबरपासून, अकरा महिन्यांचा करार, साडेनऊ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट माझ्या खात्यात आलं आहे. नवरा खालच्या लॅबमध्ये आहे, बायको नर्स, मूळचे चंदगडकडचे, घरात मराठी. नाइट ड्युटीवरून येताना तिला बस मिळत नाही म्हणून चालत जाता येईल असं घर हवं होतं. म्हणजे ज्या बसमुळे आपलं गिऱ्हाईक जातं, तिच्यामुळेच भाडेकरू मिळाले.

तुम्ही रागावणार हे माहीत आहे. पण दादाच्या नव्या फ्लॅटच्या बुकिंगसाठी तुम्ही ४८ लाख धरून बसला होतात, आणि तो आकडा पुण्यातल्या जेवणाच्या टेबलावर रोज येतो हे वहिनीच्या बोलण्यातून कळतं. तुम्हाला स्वतंत्र खोली हवी, ते बरोबरच आहे. पण ती खोली या घराच्या विक्रीवर टांगून ठेवू नका. दादाशी मी बोलले. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "ठीक आहे, मी लोन थोडं वाढवून बघतो." आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला लागतील ते भाड्यातून आणि डिपॉझिटातून सुरू करू, उरलेलं आम्ही दोघं भावंडं बघतो. कंप्लीशनच्या कागदासाठी बिल्डिंगमधल्या सात घरांची मीटिंग मी पुढच्या रविवारी बोलावली आहे. पाच येतो म्हणाले, दोघांना मी ओळखत नाही.

करार मोडायचा असेल तर २० तारखेच्या आत सांगा, मी त्यांची माफी मागेन. त्यानंतर मात्र नको, ती मुलगी सामान बांधायला लागली असेल.

वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस आहे, तिकीट आधी काढा. नोव्हेंबरअखेर दोघं आलात तर बरं, कारण माळा रिकामा करायचा आहे. तांब्याचा बंब मी शहापूरला नेते. बाबांच्या 'तरुण भारत'च्या कात्रणांच्या चार फायली आहेत, पैकी एकीला वाळवी लागली आहे, ती मी उन्हात ठेवली. त्या पुण्याला पाठवू की इथेच ठेवू? आणि आई, पाटा-वरवंटा दोघा माणसांना हलत नाही. नर्सबाई म्हणतात, राहू दे, मी चटणी वाटेन. तिला वापरू देऊ का?

तुमची,
लेक