फ्रिजवरची यादी

क्योतो, सोमवार रात्र

प्रिय चिनू,

व्हॉट्सॲप सोडून आईने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. व्हॉट्सॲपवर मी लांब लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून. शिवाय जे कबूल करायचंय ते टाइप करताना दोनदा माझ्याच हातून खोडलं गेलं. कागदावर खोडलेलं निदान दिसतं तरी.

निघायच्या आदल्या रात्री तू माझ्या गेमचं बिल्ड, म्हणजे आतापर्यंत तयार झालेली प्रत, खेळलास. आंबोली घाट, मुसळधार पाऊस, जुनी एसटी. अकरा मिनिटं खेळलास आणि फोन माझ्या हातात देत म्हणालास, "आई, हा गेम म्हणजे तूच आहेस. सारखं सांगतेस." मी हसले, आणि मग बॅग भरताना रात्रभर मनातल्या मनात तुझ्याशी भांडत राहिले. दीड वर्षाचं काम. एकटं धुकं जमायलाच दोन महिने गेले, त्याबद्दल साहेब चकार शब्द बोलले नाहीत! त्याच रात्री मी फ्रिजवर तुझ्यासाठी सतरा सूचनांची यादी लावून आले, हे मात्र विमानात बसल्यावर लक्षात आलं.

तोक्योजवळच्या मकुहारीच्या गेम शोबद्दल फार लिहीत नाही. गर्दी, गोंगाट, दोन्ही हातांनी व्हिजिटिंग कार्ड द्यायचं आणि दोन्ही हातांनी घ्यायचं. दोन मुलं आपली एसटी खेळून गेली. सूचना मराठीत आणि इंग्रजीत, त्यांना दोन्ही येत नव्हतं. त्यांनी सगळे पॉप-अप न वाचता पटापट बंद केले आणि पहिल्याच वळणावर गाडी दरीत घातली. दोघंही खो खो हसले. दुसऱ्या खेपेला त्याच वळणावर आपसूक पहिल्या गिअरवर आले. दरीने शिकवलं. तरी माझी अक्कल बघ, मी वहीत लिहिलं: 'पॉप-अपचं जपानी भाषांतर करून घेणे.'

खरी शिकवणी सुरू झाली ती नूडल्सच्या दुकानात. दाराशीच एक यंत्र असतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी येते, ती आत द्यायची. तीसेक बटणं, सगळी जपानीत, चित्र एकही नाही. मागे माणसं उभी. मी बाजूला झाले आणि चौघांचे हात बघत राहिले. तिघांनी वर डावीकडचं पहिलं बटण दाबलं. मीही तेच दाबलं. उत्तम जेवण मिळालं, आणि मला एखादी कठीण लेव्हल पार केल्याचा आनंद झाला. गुडघाभर सूचना वाचून तेच नूडल्स मिळाले असते तर तो झाला असता का? आपल्या धंद्यात याला मोठी नावं आहेत, ती तुला सांगत बसत नाही.

मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. फुटपाथवरच्या पिवळ्या खडबडीत फरशा तू बघितल्या आहेस, आपल्या मेट्रो स्टेशनातही आहेत. त्या मूळच्या इथल्या. सेइइची मियाके नावाच्या माणसाने १९६५ मध्ये त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. नियम दोनच: लांब पट्ट्या असतील तर चालत राहा, गोल टिकल्या आल्या की थांब. पायांना कळतं. मी स्टेशनात डोळे मिटून वीस पावलं चालून पाहिलं आणि टिकल्या लागल्यावर थांबले. डोळे उघडले तर समोर जिना. (पुण्यात हे करू नकोस. आपल्याकडे ती पट्टी थेट विजेच्या खांबात जाते.)

तोक्योत एका जुनाट गेम सेंटरमध्ये शंभर येनचं नाणं टाकून 'स्पेस इन्व्हेडर्स' खेळले. टेबलासारखं यंत्र, काचेखाली पडदा. हा गेम १९७८ चा, तोमोहिरो निशिकादोचा. सुरुवातीला परग्रहवासी संथ सरकतात, आणि जसजसे तू त्यांना मारत जातोस तसतसे उरलेले वेगाने अंगावर येतात. ते आधी कुणी ठरवलेलं नव्हतं. पंचावन्न चित्रं हलवता हलवता त्या प्रोसेसरची दमछाक व्हायची; चित्रं कमी झाली की त्याचं ओझं हलकं व्हायचं आणि उरलेली भराभर हलायची. निशिकादोने ते दुरुस्त केलं नाही, तसंच राहू दिलं. मी असते तर बग, म्हणजे चूक, म्हणून नोंदवलं असतं, आणि वर 'सावधान, शत्रूचा वेग वाढत आहे' अशी पाटी लावली असती. तू हसतोयस ना? मला माहीत आहे.

तोक्यो ते क्योतो शिंकानसेन या वेगवान रेल्वेने सव्वादोन तास. डब्यात सगळे आपापल्या फोनमध्ये. गुन्पेई योकोईची गोष्ट मला इथेच आठवणार होती. निन्तेन्दो या गेमच्या कंपनीच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारा माणूस. फावल्या वेळात त्याने लांब होणारा चिमट्यासारखा हात बनवला. मालकाने तो पाहिला आणि रागावण्याऐवजी म्हणाला, याचं खेळणं कर. १९६६ साली ते बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त खपलं. पुढे एकदा शिंकानसेनमध्ये योकोईला कंटाळलेला एक नोकरदार दिसला. तो खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. त्यातून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' हा खिशात मावणारा गेम आला, कॅल्क्युलेटरचाच स्वस्त पडदा वापरून. योकोईचं म्हणणं असं की नव्याकोऱ्या तंत्राच्या मागे धावू नये. जुनं, स्वस्त, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं घ्यावं आणि त्याचा भलताच उपयोग शोधावा. त्याच्या जपानी शब्दाचं भाषांतर 'वाळलेलं तंत्रज्ञान' असं करतात. मी 'मुरलेलं' म्हणेन. लोणच्यासारखं. १९८९ चा गेम बॉय, हातात धरून खेळायचा, तसाच होता: रंग नाहीत, पडद्यामागे दिवा नाही, पण चार सेलवर दिवस निघायचा. त्याच वर्षी आलेला रंगीत प्रतिस्पर्धी सहा सेल काही तासांत फस्त करायचा. आज तो कुणाला आठवतो?

पण या सगळ्या गोष्टीत मला आवडतं ते योकोईचं बघणं. एका माणसाची रिकामी बोटं.

आज उजीला गेले. क्योतोपासून जवळ, चहाचं गाव. दहा येनच्या नाण्यावर जे देऊळ आहे ना, ते ब्योदोइन इथलंच. ओगुरा स्टेशनपासून चालत थोड्या अंतरावर निन्तेन्दोचा जुना कारखाना आहे, तिथे २०२४ च्या ऑक्टोबरपासून संग्रहालय आहे. तिकीट ३,३०० येन, तेही तीन महिने आधी सोडतीत नाव टाकून. सोडत लागल्यावर मी घरात नाचले होते आणि तू दार लावून घेतलं होतंस.

आत जाताना दहा कॉईन देतात, खरे नव्हेत, पासात भरलेले. प्रत्येक खेळाला कमीजास्त लागतात, त्यामुळे सगळं खेळून होतच नाही. काय सोडायचं ते ठरवत मी दहा मिनिटं नुसती फिरत होते. चतुर लोक आहेत.

पण थबकले ती पत्त्यांपाशी. ही कंपनी १८८९ मध्ये क्योतोत सुरू झाली ती हानाफुदा पत्ते बनवायला. ४८ पानं, बारा महिने, दर महिन्याची चार. जानेवारीला पाइन आणि करकोचा, मार्चला चेरीचा मोहर, ऑगस्टला गवताच्या टेकडीवर पूर्ण चंद्र. एकाही पानावर आकडा नाही. पत्ते जपानात आणले पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. त्यांच्या 'कार्ता'वरून इथला 'कारुता' शब्द. मग जुगाराच्या भीतीने सरकार बंदी घालत गेलं आणि लोक नवनवी पानं काढत गेले.

मला आजीची पेटी आठवली. माझी आजी, सावंतवाडीची. तिच्याकडे दशावतारी गंजिफा होती, म्हणजे जुन्या पत्त्यांचा संच, गोल, लाखेच्या रंगाची, कडा झिजलेली. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकशेवीस. त्यावरही आकडे नाहीत. मासे मोजायचे, कासवं मोजायची, परशू मोजायचे. आणि एक नियम होता जो मला अजून कुठल्याही गेममध्ये सापडलेला नाही: डाव दिवसा मांडला तर रामाचं पान असेल त्याने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाचं असेल त्याने. आजीने हा नियम मला कधीच सांगितला नाही. दिवेलागणीला डाव मांडला होता, मी ऐटीत राम टाकला, तर ती खिडकीबाहेर बघून म्हणाली, "काळोख पडलो मां?" बस. तेवढंच. मी सात वर्षांची होते.

शेवटचे कॉईन मी माणसाएवढ्या कंट्रोलरसाठी राखून ठेवले होते. एवढा मोठा की खेळायला दोघं लागतात, एक दिशेचे बाण सांभाळणार, एक बटणं. मी एकटी. मागच्या रांगेतली एक बाई नातवाला घेऊन आली होती. तिने त्यालाच माझ्याकडे ढकललं. आठेक वर्षांचा असेल. 'सुपर मारिओ', पहिली लेव्हल. १९८५ चा सगळा गेम ४० किलोबाइटचा, तू मला पाठवतोस त्या एका मीमपेक्षाही लहान. जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकच चित्र आहेत, फक्त रंग वेगळा.

ती लेव्हल मी शेकडो वेळा खेळलेय, शिकवलीही आहे. तरी आज बटणांवर दोन्ही तळवे ठेवून उभी असताना नव्याने दिसली. मारिओ डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे, पुढे सगळं मोकळं. कुणी 'उजवीकडे जा' म्हणत नाही. एक बुटका शत्रू चालत येतो. उडी नाही मारली तर मरतोस, आणि मेलास तरी सुरुवातीपासून तीनच पावलं पुढे आलेला असतोस. मग चमकणारा ठोकळा. त्यातून मश्रुम निघतो, घरंगळत जातो, पाइपवर आपटतो आणि परत तुझ्याकडेच येतो. तू घाबरून पळालास तरी तो तुला मिळतोच. हा गेम करणाऱ्या मियामोतोने अख्खी शिकवणी त्या पाइपच्या जागेत लपवली आहे.

आम्ही बुटक्याकडून मेलो. नातू बाण दाबायला उशिरा वळला, मी बटण लवकर दाबलं. तोंडातून निघालंच, "अरे, थांब, आधी..." मराठीत. त्याला कळणार कसं? त्याने माझ्याकडे बघितलं, मी गप्प झाले. दुसऱ्या डावात त्याने मान डोलावली की मी दाबायचं, असं आपोआप ठरलं. पाइपपर्यंत गेलो. पुढच्या खड्ड्यात पडलो. त्याची आजी टाळ्या वाजवत होती.

तुला माहीत नसेल, पण मी लहानपणी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एकही नाणं टाकलेलं नाही. मुली जायच्या नाहीत. मामा जायचा, एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात, आणि मी दफ्तर घेऊन त्याच्या मागे उभी. आम्ही त्या गेमला 'मुस्तफा' म्हणायचो. पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा, तो जोरात पळायचा म्हणून. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', हे मला नोकरी लागल्यावर कळलं. दोन वर्षं मी नुसती मामाचे हात बघत होते. तोंड उघडलं असतं तर त्याने बाहेर काढलं असतं. कोणत्या राक्षसाला कुठल्या कोपऱ्यात गाठायचं, सगळं पाठ झालं. आज जे काही मला येतं त्याची सुरुवात तिथली आहे, आणि नेमकं तेच मी पॉप-अप लिहायला बसले की विसरते.

तर आज परत आल्यावर मी बिल्ड उघडून बसले. अकरा पॉप-अप होते. नऊ काढले. पहिलं वळण थोडं उथळ केलं, म्हणजे गाडी दरीत न जाता चिखलात रुतेल आणि कंडक्टर नुसता घंटी वाजवेल. दोन राहिलेत, त्यांचं काय करायचं ते अजून सुचत नाही. शनिवारी घरी आले की तू खेळ. मी मागे उभी राहीन. बोलणार नाही, जमेल तितकं.

फ्रिजवरची यादी तू एव्हाना फाडली असशीलच. गॅसच्या ओळीचं काय केलंस तेवढं कळव.

तुझी,
आई