वारज्याच्या फ्लॅटसाठी भाडेकरू निवडताना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही फोनवर म्हणालात की साडेसातशेच्या खाली सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा आकडा, असणाऱ्याला आता फ्लॅट द्यायचाच नाही, आणि त्या लातूरच्या नर्स मुलीला नकार कळवणार आहात. नकार अजून कळवला नसेल तर कृपा करून थांबा आणि हे पत्र आधी वाचा.

तिचा स्कोअर कमी नाही, तिला स्कोअरच नाही. रिपोर्टवर आकड्याच्या जागी उणे एक आहे, म्हणजे तिच्या नावावर कर्जाची नोंदच नाही. हा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तो फक्त कर्जांवरून आणि क्रेडिट कार्डांवरून ठरतो. हप्ते वेळेवर गेले का, कार्डाची मर्यादा किती वापरली, अलीकडे किती ठिकाणी नवं कर्ज मागितलं, मुख्यतः हेच त्यात पाहतात. पगार त्यात नाही, खात्यातली शिल्लक नाही, आजवर भरलेलं घरभाडंही नाही. आई, तू आयुष्यात कोणाचा एक रुपया बुडवला नाहीस, पण कधी कर्जही काढलं नाहीस. तुझा रिपोर्ट काढला तर तोही असाच कोरा निघेल. मग तुला कोणी घर द्यायचं नाही का?

आता फ्लॅट मागणाऱ्या दुसऱ्याचं, त्या ७९० स्कोअरवाल्या मुलाचं. त्याच्यावर गाडीचं कर्ज आहे, वैयक्तिक कर्ज आहे, दोन कार्डं आहेत. सगळं वेळेवर फेडतोय ही चांगलीच गोष्ट आहे, आणि त्याच्याबद्दल माझं वाईट मत नाही. पण बँकेचा हप्ता चुकला तर त्याचा स्कोअर पडतो, आपलं भाडं चुकलं तर कुठेच नोंद होत नाही. नोकरीत अडचण आली तर तो आधी कोणाचे पैसे देईल? म्हणून त्याचा आकडा पाहण्यापेक्षा पगारातून हप्ते वजा जाता हातात किती उरतं ते विचारा.

तुमच्या मित्राचा मुलगा अमेरिकेत स्कोअर पाहूनच भाडेकरू ठेवतो हे खरं आहे. पण तिथे १९७० च्या कायद्याने घरमालकाला अर्जदाराचा रिपोर्ट पाहता येतो, आणि त्यावरून नकार दिला तर तसं त्याला कळवावंही लागतं. आपल्याकडे २००५ च्या कायद्यानुसार ही माहिती बँका, वित्तसंस्था अशा ठरावीक लोकांनाच मिळते. तुम्ही-आम्ही कोणाचा रिपोर्ट थेट मागवू शकत नाही. भाडेकरूने स्वतः काढून दाखवला तरच दिसतो. दाखवला तर त्याच्याच मोबाईलवर पाहा, पीडीएफमधले आकडे बदलता येतात. आणि त्या दोघांचे रिपोर्ट तुमच्या व्हॉट्सॲपवर आहेत ते पाहून झाले की काढून टाका. त्यात पॅन, पत्ता, खाती सगळं असतं. एजंटला तर मुळीच पाठवू नका.

त्यापेक्षा त्या मुलीच्या आधीच्या घरमालकांना एक फोन करा. बाबा, तुमच्या प्रश्नांना माणूस पाच मिनिटांत खरं बोलतो हे मी पाहिलंय. भाडं कोणत्या तारखेला यायचं आणि घर कसं सोडलं, एवढं विचारलं तरी पुरे. तिच्या बँकेच्या सहा महिन्यांच्या स्टेटमेंटवर पगार येताना आणि भाडं जाताना दिसेल. हॉस्पिटलचं ओळखपत्र पाहा आणि पोलीस पडताळणी करून घ्या.

आई, तू म्हणालीस की माणूस चांगला असेल तर करार नोंदवायचा खर्च कशाला. तो खर्च कराच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. न नोंदवल्यास दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय उद्या वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, ते खोटं ठरवायचं काम आपल्यावर येतं. तुलनेत मुद्रांक शुल्क फक्त पाव टक्का आहे आणि शहरात नोंदणी फी १००० रुपये. मुदत संपूनही कोणी घर सोडलं नाही, तर त्याच कायद्याचं कलम २४ आपल्या बाजूने उभं राहतं, दुप्पट भाडं मागता येतं. साडेसातशेच्या आकड्याने यातलं काहीही मिळत नाही.

स्कोअरची काळजी खरी करायची ती आपल्या बाजूला. हडपसरला दुसरा फ्लॅट घ्यायचा, कर्ज माझ्या नावावर आणि सहकर्जदार तुम्ही, असं तुमच्या मनात आहे. तेव्हा बँक आपल्या दोघांचेही रिपोर्ट पाहील. बाबा, तुम्ही काकांच्या दुकानाच्या कर्जाला जामीन आहात. ते कर्ज तुमच्याही रिपोर्टवर दिसतं, आणि तिकडे हप्ते थकले तर फटका तुम्हालाही बसतो. काकांना विचारायला संकोच वाटत असेल तर स्वतःचा रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती मनातून काढा.

मी हिशोब करून पाहिला. ४० लाखांच्या १५ वर्षांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३९,४०० येतो. स्कोअर खाली असल्यामुळे बँकेने सव्वानऊ लावले तर सुमारे ४१,२००. पूर्ण मुदतीत तीन लाखांहून जास्त फरक. पण दर चांगला मिळाला तरी तिथे भाडं येणार अठरा-वीस हजार. उरलेले वीस हजार दर महिन्याला आपल्याच खिशातून, शिवाय मेंटेनन्स, मालमत्ता कर, आणि मधे घर रिकामं राहिलं तर तेही. तुमच्या औषधांचे आणि हिंडण्याफिरण्याचे पैसे अशा हप्त्यात जावेत हे मला अजिबात नको आहे. माझ्यासाठी मागे काही ठेवायचं म्हणून हे करत असाल, तर बाबा, खरंच करू नका. वारज्याचं भाडं तुमचं आहे, ते तुम्ही दोघांनी खर्च करा.

त्या मुलीची सध्याच्या घराची मुदत महिनाअखेरीस संपते आहे, तेव्हा तिला या दोन दिवसांतच फोन करा. करार ऑनलाइन नोंदवताना दोघांचं आधार आणि बोटांचे ठसे लागतील. मी रविवारी येते आहे, मसुदा मी वाचल्याशिवाय सही करू नका.

तुमची,
मनू