दारावरच्या नऊ अक्षरांबद्दल, ताई, मनापासून आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

इमारत पुन्हा सुरू झाली, त्या गडबडीत तुमचे आभार घाईघाईतच मानले गेले. तुम्ही नेमकं काय केलंत ते जुन्या इमारतींवर काम करणाऱ्या इतरांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितोय.

इमारतीच्या पाट्यांची अक्षरं आणि रंग ठरवायला तुम्ही आलात, तेव्हा आमच्याकडे नवं नाव आणि नवा लोगो तयार होता. दर्शनी भागाचं सोनेरी रेखाचित्र आणि खाली बारीक अक्षरं. तुम्ही वाद घातला नाहीत. तेच चित्र मोबाइलवरच्या आयकॉनएवढं करून आमच्यापुढे ठेवलंत. खिडक्या एकमेकींत मिसळून नुसता डाग उरला होता. मग एवढंच विचारलंत, "जुनं नाव लोकांच्या तोंडी आहे ना अजून? मग बदलायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शिडीवर! दारावर कोरलेल्या नावावर पातळ कागद ताणून मेणाच्या कांडीने ठसे घेत होतात आणि मी खाली शिडी धरून उभा होतो. दोन वर्षं त्याच दारातून ये-जा केली, पण इंग्रजी 'आर'चा पाय असा ऐटीत पुढे पसरलाय हे मला त्या कागदावर दिसलं. दगडातलं अक्षर शाईवर नाही, खाचेत पडणाऱ्या सावलीवर वाचलं जातं, हेही तेव्हाच कळलं.

त्या ठशांवरून पाट्यांसाठी सगळी अक्षरं घडवायची होती, पण हाती लागली वेगवेगळी अशी नऊच. मी धास्तावलो. तेव्हा तुम्ही रोममधल्या ट्राजन स्तंभाबद्दल, सम्राट ट्राजनच्या कोरीव स्मारकाबद्दल, सांगितलंत. त्यावरच्या इ.स. 113 च्या लॅटिन शिलालेखात एच, के, वाय, झेड ही अक्षरंच नाहीत. 1989 मध्ये अक्षररचनाकार कॅरोल ट्वॉम्बली यांनी त्यावरून टाइपफेस, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा पूर्ण संच, केला, तेव्हा ती अक्षरं बाकीच्यांच्या वळणावर नव्याने घडवावी लागली. आपणही तेच केलं. आकडे तर लिफ्टजवळच्या पितळी पट्ट्यांवर आयतेच मिळाले.

रंगाच्या बाबतीतली तुमची चिकाटी मी विसरणार नाही. जिन्याच्या कठड्यावरचे थर खरवडत तुम्ही तळाच्या हिरव्यापर्यंत पोचलात. आम्ही लगेच तो रंग धरून बसलो, तर तुम्ही थांबवलंत. झाकलेला तेलरंग पिवळट पडतो, उजेड मिळाला की पुष्कळसा निवळतो. काही आठवड्यांनी खरंच वेगळा, निळसर झाक असलेला हिरवा दिसला. तोच आज प्रत्येक पाटीवर आहे.

आणि हो, बाहेरच्या पाटीचे खिळे दगडात न मारता दगडांच्या सांध्यांतल्या चुन्यात बसवायला लावलेत. उद्या पाटी काढली तरी सांधा भरता येतो, दगडाचं भोक मात्र कायमचं. खर्चाच्या बैठकीत याला किती विरोध झाला आणि तुम्ही तो किती शांतपणे ऐकून घेतलात, ते मी पाहिलंय.

ठशांचे कागद गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलेत. मूळ नकाशांसोबत ते इमारतीच्या दप्तरी लावायचे आहेत, पण त्यांवर तुमची सही आणि तारीख हवी. सवडीने या. शिडी धरायला मी आहेच, कारण मागच्या दारावरचं नाव अजून उतरवून घ्यायचं राहिलंय.

तुमचा,
शिडी धरणारा सहकारी